प्रमाणित नमुने नसताना स्पेक्ट्रोस्कोपीने पितळातली टक्केवारी काढता येते का?

येते. पण भंगार पितळासाठी सीआरएमचा, म्हणजे प्रमाणित नमुन्यांचा, खर्च वाचवायचा, एवढाच हेतू असेल तर आधी माझी फजिती ऐका.

मी कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करतो. इथं रोज सकाळी स्पेक्ट्रोवर (ठिणगीच्या प्रकाशावरून धातूची टक्केवारी सांगणारं यंत्र) ठरलेल्या नमुन्यांचे स्पार्क मारल्याशिवाय पुढचं काही होत नाही. बिननमुन्याची पद्धत मी वापरली ती एमएस्सीच्या प्रोजेक्टला, लेझरवर.

तिचं गणित १९९९ मध्ये इटलीतल्या पिसाच्या गटानं मांडलं. लेझरचा ठोका बसला की धातूची चिमूटभर वाफ दहा हजार केल्व्हिनच्या आसपास तापून चमकते. त्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या एकाच मूलद्रव्याच्या पाच-सहा रेषा घ्यायच्या, त्यांची तीव्रता प्रत्येक रेषेच्या ठरलेल्या स्थिरांकांनी भागायची आणि तिचा लॉग ऊर्जापातळीसमोर मांडायचा. सरळ रेषा येते. तिच्या उतारावरून तापमान कळतं, छेदावरून प्रमाण. अणू किती आणि आयन किती, ते आपल्या मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण सांगतं. शेवटी सगळ्यांची बेरीज १०० धरायची.

मिरजेच्या एका तंतुवाद्यवाल्या काकांनी सतारीचा जुना पितळी पडदा दिला होता, "ओरखडा दिसता कामा नये" या बोलीवर. दिसलाही नाही. जस्त आलं ४४ टक्के! पुढं त्याच पितळी पट्टीचा मोडका पडदा मिळाला, तो विरघळवून टायट्रेशननं, म्हणजे रासायनिक मोजणीनं, तपासला, तर ३७.

जस्त ९०७ अंशांना उकळतं, तांब्याला अडीच हजारांवर जावं लागतं; म्हणून वाफेत जस्त जास्त चढतं. वर तांब्याच्या ३२४.७ नॅनोमीटरच्या जोरकस रेषेचा प्रकाश बाहेरची थंड वाफच गिळते. तांबं कमी दिसलं, बेरीज तर १००च, मग तूट जस्ताच्या नावावर. मी मात्र शंभर भरले म्हणून खूश. भरणारच, मीच भरले होते! ती रेषा सोडून ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ च्या हिरव्या रेषा घेतल्या, तेव्हा जस्त ४० वर उतरलं.

शिवाय यंत्र कुठल्या रंगाला किती दाद देतं ते तपासायला प्रमाणित दिवा लागतो, तोही स्वस्त नाही.

पितळ की ब्राँझ, एवढं निवडायला हे चालेल. टेस्ट सर्टिफिकेटवर आकडा घालणार असाल तर निदान एक पितळी तुकडा टायट्रेशननं तपासून घ्या आणि दिव्याऐवजी त्यावरच यंत्र जुळवून घ्या. मिरजेचा तो मोडका पडदा मी त्यासाठीच अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.