जावयाने आणलेली तलवार

प्रश्न : आमचे जावई बोटीवर असतात. त्यांनी स्कॉटलंडहून साडेचार फुटी शोभेची तलवार आणली. ह्यांनी ती चिऱ्याच्या भिंतीवर टांगली. दोन पावसाळ्यांत पात्यावर तांबूस ठिपके आले, मूठही हलते. स्टेनलेस म्हणून सांगितलं होतं! हे म्हणतात, ही स्कॉटलंडचा जुना योद्धा विल्यम वॉलेस याची तलवार. धाकट्याला ती शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचाला न्यायची आहे. नेऊ द्यावी का?
— एक गृहिणी, डिचोली

उत्तर : अजिबात नको, ताई. ठिपके थांबतील, धाकट्याला आधी थांबवा.

खऱ्या तलवारीचं पातं निमुळतं होत थेट मुठीच्या टोकापर्यंत जातं. शोभेच्या तलवारीत ते बहुधा मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि पुढे पेन्सिलीएवढी आटे पाडलेली सळई वेल्डिंगने जोडलेली असते. तुमची मूठ हलते ती तिथेच. माझ्याकडे अशी एक दुरुस्तीला आली होती. पोराने केळीच्या बुंध्यावर एकच वार केला. मूठ हातात राहिली आणि पातं शेजारणीच्या तुळशीपाशी जाऊन पडलं. शेजारीण पाच मिनिटांपूर्वीच पाणी घालून आत गेली होती. ढोल-ताशाच्या गर्दीत काय होईल, तुम्हीच बघा. मुठीमागचा गोळा घट्ट पिळून पाहा. तरीही हलली तर भिंतीवरही दोन ठिकाणी आधार द्या.

आता ह्यांचं म्हणणं. मुठीपुढच्या आडव्या दांड्या टोकाच्या दिशेने कललेल्या आहेत का, आणि त्यांच्या टोकांना चार पाकळ्यांची फुलं? असतील तर ती क्लेमोरची नक्कल. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थ सरळ 'मोठी तलवार'. अस्सल क्लेमोर दोन्ही हातांनी चालवायची, वजन साधारण अडीच किलो. ऐकणाऱ्याला नेहमी वाटतं दहा किलो तरी असेल! पण वॉलेसला लंडनमध्ये १३०५ साली मारलं, आणि हा घाट मुख्यतः १६व्या शतकातला. ह्यांना हे जेवण झाल्यावर सांगा. पुढे स्कॉटलंडात जाळीदार मुठीच्या, एका हाताच्या तलवारीलाही क्लेमोरच म्हणू लागले, म्हणून हा घोळ तिकडेही होतो. आपल्याकडच्या फिरंग नावाच्या तलवारीची गोष्ट वेगळी : तिचं सरळ पातं बहुधा युरोपातलं असायचं, मूठ मात्र देशी.

राहिले ठिपके. स्टेनलेसला गंज चढतच नाही, हा दुकानदारांनी पसरवलेला समज. आपल्या खाऱ्या दमट हवेत, त्यात चिऱ्याच्या भिंतीतून झिरपणारी ओल, कोण टिकणार? पितळ पुसायची पूड किंवा काथ्या लावू नका, चरे पडतात. मऊ कापडावर शिलाई मशीनचं तेल घेऊन हलकेच पुसा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं. (माझी आजी विळीला खोबरेलच लावायची, पण विळी रोज वापरात होती.) कातडी म्यान आलं असेल तर जूनपूर्वी तलवार त्यातून बाहेर काढा. भिंत आणि पातं यांत बोटभर फट ठेवा.

दसऱ्याला खुशाल पूजेला मांडा. धार मात्र लावून घेऊ नका. धार लागली की ती शोभेची वस्तू राहत नाही आणि १९५९चा शस्त्र कायदा आड येऊ शकतो.

धाकट्याला लाकडी तलवार करून द्या, चंदेरी रंगाची. लांबून कुणाला कळणार नाही.