तो पाणी मागत होता, द्यावं का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मागच्या महिन्यात खंबाटकी घाट उतरल्यावर आमच्या पुढची बाईक घसरली. पोरगा विशीतला असेल, मांडी वाकडी झालेली, पण रक्त म्हणाल तर कोपराला खरचटलेलं तेवढंच. शुद्धीत होता, सारखं पाणी पाणी करत होता. मी बाटली काढली तर एकजण म्हणाला देऊ नका, दुसरा म्हणाला अहो पाण्याला काय नाही म्हणता. शेवटी पाजलं, मग चौघांनी हातापायाला धरून टेम्पोत घातला. पोलिसांच्या भानगडीला घाबरून मी मागेच राहिलो. आमचं काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दोन घोटांनी त्याचं वाईटच झालं असेल असं मनाला लावून घेऊ नका, पण पाणी द्यायचं नसतं हे खरं. ऑपरेशन लागलं तर भूल द्यावी लागते, तेव्हा पोटातलं उलटून फुप्फुसात जायची भीती असते. ओल्या रुमालानं ओठ पुसा, तेवढ्यानंही बरं वाटतं.

मला मात्र पाण्यापेक्षा त्याची तहान महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर, आणि मांडीचं हाड मोडलं की त्यातलं लिटर-दीड लिटर मांडीतल्या मांडीतच साचू शकतं, बाहेर थेंब दिसत नाही. कमरेचं हाड मोडलं तर त्याहून जास्त. मग अंगाला रक्त पुरेना झालं की तहान लागते, जीव घाबरा होतो, नाडी पळते, हातपाय गार पडतात. त्यामुळे "फक्त खरचटलंय" असं कोणी म्हणालं की मी आधी कपाळाला हात लावून बघतो, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं गार आणि ओलं लागलं तर गडबड आहे. नख दाबून सोडा, ते पांढरं पडतं, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं.

दुसरं, ते चौघांनी धरून उचलणं. (आपल्याकडे "उचला उचला" म्हणणारा एक तरी भेटतोच!) मोडक्या हाडाची टोकं आत रक्तवाहिन्या फाडतात, मानेला मार असेल तर आणखी वाईट. आग किंवा अंगावर येणारं ट्रॅफिक नसेल तर आहे तिथंच राहू द्या, मागे थोड्या अंतरावर आपली गाडी ब्लिंकर लावून उभी करा, १०८ ला फोन करून किलोमीटरचा दगड सांगा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो. पाय ओढून सरळ करायला जाऊ नका. अंगावर चादर, जर्किन काहीतरी टाका, उन्हाळा असला तरी, कारण अंग गार पडलं की रक्त गोठेनासं होतं.

रक्त बाहेर वाहत असेल तर मात्र सगळ्यात आधी तेच. ओढणी, उपरणं, जे मिळेल त्याची घडी करून जखमेवर तळहातानं जोर लावून दाबायचं आणि थांबलं का थांबलं का करत उचलून बघायचं नाही, भिजलं तर वर दुसरी घडी. हातापायातून चिळकांडी उडतीय आणि दाबूनही थांबत नाही, तर जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, रुंद पट्टीनं करकचून आवळा, सुतळीनं नको. वेळ पेननं त्याच्या कपाळावर लिहिली तरी चालेल, आणि मग ती पट्टी हॉस्पिटलपर्यंत कोणी सैल करायची नाही.

हेल्मेटचं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, बोलतोय, श्वास नीट चाललाय, तर राहू द्या. श्वास बंद पडला किंवा उलटी होऊन घुसमटायला लागला तरच काढायचं, तेही दोघांनी, एकानं मान धरून.

पोलिसांचं म्हणाल तर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून बोलत राहा, आणि मध्येच तो असंबद्ध बोलायला लागला तर किती वाजता, ते बघून ठेवा. गाडीतला डॉक्टर उतरल्या उतरल्या तेच विचारतो.