"ऑक्सिजन 97 होता, म्हणजे आजार सौम्य" हे उत्तर आम्हालाही मिळालं होतं

तुमची पोस्ट वाचली आणि 2021ची आमची फाइलच डोळ्यांपुढे आली. तुमच्या सासूबाईंना कोविड, पण खोकला नाही, दम नाही, नुसते जुलाब-उलट्या. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं (किडनी नीट चालत नसल्याची खूण) म्हणून भरती केलं, आणि आता विमा कंपनी म्हणते घरी उपचार शक्य होते. माझ्या बाबांच्या वेळी, एप्रिलच्या लाटेत, अगदी हेच पत्र आलं होतं.

गोम अशी आहे की तेव्हाच्या सरकारी नियमावलीत सौम्य, मध्यम, गंभीर हे गट श्वासावरच ठरायचे. ऑक्सिजन 90 ते 93 म्हणजे मध्यम, 90च्या खाली गंभीर. पोटाला त्या तक्त्यात जागाच नाही. बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर वरच 'माइल्ड कोविड' लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरात बीपी 84/50, क्रिएटिनिन 2.6, लघवी जवळजवळ बंद. क्लेम तपासणाऱ्याने खालपर्यंत वाचायचे कष्ट घेतलेच नाहीत. वर फोनवर मला ऐकवलं, "मॅडम, जुलाबासाठी कोणी आठवडाभर अ‍ॅडमिट होतं का?" बहात्तरीतला मधुमेही माणूस, सलाईन लावायला शीर सापडत नव्हती, आणि हा प्रश्न! असो.

माझं ठाम मत, चूक वाटलं तर सोडून द्या: 'पोटाचा कोविड गंभीर असतो' हा वाद घालूच नका. चीनमधल्या हुबेई प्रांतातल्या 204 रुग्णांच्या 2020च्या अभ्यासात पोटाच्या तक्रारी असलेले रुग्ण सरासरी 9 दिवसांनी दवाखान्यात पोहोचले, बाकीचे 7.3 दिवसांनी. उशीर झाला खरा, पण पुढच्या अभ्यासांत पोटाच्या तक्रारींचा गंभीरतेशी संबंध कुठे दिसला, कुठे नाही. तिथे कंपनीचा डॉक्टर तुम्हाला सहज गुंडाळेल. तुम्ही डिहायड्रेशन आणि किडनी हेच धरून बसा. भरतीचं कारण तेच होतं, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या. आतले केसपेपर मागा, विशेषतः नर्सचा इनपुट-आउटपुट चार्ट, म्हणजे पोटात-शिरेत किती पाणी गेलं आणि लघवी-जुलाबातून किती बाहेर पडलं याची नोंद. लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात, रिसेप्शनवरची मुलगी काहीही म्हणो.

मग कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, फक्त वर्षाची मुदत चुकवू नका. आमचे पैसे तिथूनच मिळाले, पीपीई किट आणि हातमोज्यांचे कापून.

मी डॉक्टर नाही, तरी एक सांगते. सासूबाई टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेत असतील, तर पुन्हा कधी जुलाब लागले की पहिला फोन डॉक्टरांना करून या गोळ्यांचं विचारा. स्वतःहून बंद करू नका. आणि त्या चार्टची झेरॉक्स काढून घ्या, मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका.