करार शेवटाकडून वाच

अगं, तू पाठवलेला एमओयूचा, म्हणजे सामंजस्य कराराचा मसुदा सगळा वाचून काढला. तुझा उत्साह पानापानातून दिसतोय आणि त्यावर पाणी ओतायची माझी अजिबात इच्छा नाही, दोन देशांतल्या लोकांनी एकत्र येऊन सोलर मिनीग्रिड, म्हणजे गावापुरतं सौर विजेचं छोटं जाळं, उभं करावं, तिथल्या पोरांना ट्रेनिंग द्यावं, डेटा शेअर करावा, हे सगळं व्हायलाच पाहिजे. पण एक गोष्ट खटकली. पहिल्या तीन वर्षांचं सगळं नीट लिहिलंय, कोण किती पैसे घालणार, लोगो कुठे लागणार, रिपोर्ट कधी जाणार, आणि चौथ्या वर्षासाठी फक्त एक ओळ, "त्यानंतर प्रकल्प स्थानिक भागीदाराकडे सोपवण्यात येईल". मला जे बोलायचंय ते सगळं या ओळीबद्दलच आहे. बाहेरचा पार्टनर सामान आवरून गेला की इथल्या माणसाच्या हातात काय राहतं? चालवायचं ज्ञान, सुटे भाग आणि निर्णयाचा हक्क राहतो, की बंद पडलेलं यंत्र आणि डोक्यावरचं कर्ज? मी तरी कुठलीही भागीदारी याच्यावरूनच जोखतो.

हातपंपाचंच बघ. १९६० च्या दशकाच्या शेवटाला भारतात दुष्काळी भागांत परदेशी मदतीने ड्रिलिंग रिग आल्या, बोअर झाले, वर बिडाचे पंप बसले. ते पंप मुळात एखाद्या घरापुरते, दिवसातून थोडा वेळ वापरायचे, इथे अख्खं गाव सकाळपासून रात्रीपर्यंत दांडा मारतंय म्हटल्यावर ते धडाधड बंद पडायला लागले, म्हणजे खाली पाणी आहे, बोअर उत्तम आहे आणि माणसं परत जुन्या डबक्यावर. मग युनिसेफ, सरकार आणि मद्रासचे इंजिनिअर एकत्र बसले आणि बाहेरून अजून महागडा पंप आणायच्या ऐवजी सोलापूरला आधीच तयार झालेल्या पोलादी पंपावरून काम सुरू केलं. त्यातून १९७० च्या दशकात इंडिया मार्क २ आला. डिझाइन खुलं ठेवलं, कुठल्याही कारखान्याने बनवावा, फक्त तपासणी कडक. पुढे हा पंप आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचला.

मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं काम. मार्क २ चं खालचं वॉशर बदलायचं तर पाइपची सगळी लाइन वर ओढावी लागते, म्हणजे मेकॅनिकची टीम, अवजारं, गाडी, आणि ती टीम येईपर्यंत गाव तहानलेलं. म्हणून मार्क ३ मध्ये पाइप न काढता आतला पिस्टन वरूनच ओढून काढता येईल अशी रचना केली, आणि पूर्व आफ्रिकेत आफ्रिडेव नावाचा पंप तयार झाला तो तर सुरुवातच या प्रश्नापासून करून, की गावातल्याच माणसांना मोजक्या अवजारांनी हा दुरुस्त करता येईल का. दुरुस्ती कोण करणार हे डिझाइनच्या टेबलावरच ठरलं. तुझ्या मसुद्यात दुरुस्ती हा शब्द "क्षमताबांधणी" च्या खाली कुठेतरी लपलाय, तो बाहेर काढ.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका ठिकाणी इन्व्हर्टर ट्रिप झाला होता, स्क्रीनवर एरर कोड, समोर तिथलाच इलेक्ट्रिशियन उभा, हुशार पोरगा, त्याला बिघाड कुठे असेल याचा अंदाजही होता. पण सेटिंगच्या मेनूत जायला सर्व्हिस पासवर्ड लागत होता आणि तो फक्त सप्लायरकडे, दुसऱ्या खंडात, तिथे तेव्हा रात्र. ट्रेनिंग मिळालं होतं, सर्टिफिकेट भिंतीवर होतं, पासवर्ड नव्हता. कुणाची नियत वाईट होती असंही नाही, करारात तो मुद्दाच नव्हता. तेव्हा पासवर्ड, वायरिंगची ड्रॉइंग, सॉफ्टवेअर अपडेटचा हक्क, मॉनिटरिंगचा डेटा कुठल्या सर्व्हरवर राहणार, हे सगळं सही व्हायच्या आधी नावानिशी लिहून घे, सही झाल्यावर मागितलं की ते उपकार केल्यासारखं मिळतं.

आणि सर्व्हरचं म्हणतोय ते किरकोळ समजू नको. केनियाचं एम-पेसा घे, मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा. व्होडाफोनची सिस्टिम, सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीचं नेटवर्क, ब्रिटन सरकारच्या विकास निधीची मदत, अशी ही खरीखुरी सीमेपलीकडची भागीदारी. २००५ मध्ये पायलट सुरू झाला तेव्हा कल्पना होती छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरायची. लोकांनी मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरलं, आणि टीमने हट्ट धरला नाही, मार्च २००७ मध्ये लॉन्च केलं तेव्हा पैसे पाठवणं हीच मुख्य सेवा होती. आता तुझ्या मसुद्यातले इंडिकेटर, म्हणजे यश मोजायचे निकष बघ, पहिल्याच दिवशी सगळे पक्के करून टाकलेत, उद्या लोकांनी तुमची वीज तुमच्या अंदाजापेक्षा वेगळ्याच कामाला वापरली तर तुमचा प्रोजेक्ट कागदावर फेल ठरेल. थोडे पैसे आणि थोडी मोकळीक राखून ठेव. एम-पेसाचे सर्व्हर सुरुवातीची बरीच वर्षं जर्मनीत होते, केनियात आले २०१५ मध्ये, आणि ब्रँड अन् प्लॅटफॉर्मची मालकी सफारीकॉम आणि दक्षिण आफ्रिकेच्या व्होडाकॉमने मिळून घेतली ती २०२० मध्ये. इतकं यशस्वी होऊनसुद्धा मालकी जवळ यायला एवढा काळ गेला.

पैशाची बाजू थोडक्यात. कर्ज डॉलरमध्ये आणि वसुली स्थानिक चलनात असेल तर चलन घसरल्याचा सगळा भार वीज घेणाऱ्या घरांवर पडतो. स्थानिक चलनात कर्ज मिळतं का ते आधी विचार, चलनाची ही जोखीम उचलायलाच २००७ पासून टीसीएक्स नावाचा फंड काम करतोय, त्यामुळे "असं काही नसतंच" असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नको.

आता इताइपू धरण, हे जरा सविस्तर सांगतो कारण यात चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच भिंतीत आहे. ब्राझील आणि पॅराग्वेने १९७३ मध्ये पाराना नदीवरच्या धरणाचा करार केला, १४,००० मेगावॉट, २० जनित्रं, वीज निम्मी-निम्मी. ब्राझीलची ग्रिड ६० हर्ट्झची, पॅराग्वेची ५० ची, म्हणून दहा जनित्रं एका फ्रिक्वेन्सीची आणि दहा दुसऱ्या. पॅराग्वेला न लागणारी वीज डीसी करून शेकडो किलोमीटर साओ पाउलोच्या बाजूला न्यायची आणि तिकडे पुन्हा एसी करायची. इंजिनिअरिंग म्हणून कमालच आहे, कारभारातही दोन्ही देशांची माणसं बरोबरीने. पण करारात अशी अट होती की उरलेली वीज दुसऱ्या भागीदारालाच द्यायची, तिसऱ्या कोणाला विकायची नाही, मोबदला करारातल्या सूत्राप्रमाणे. छोट्या देशाची गरज कमी, त्यामुळे त्याच्या वाट्यातली मोठी वीज वर्षानुवर्षं ब्राझीलला गेली आणि पॅराग्वेत हा राजकारणाचा कायमचा दुखरा विषय झाला. २००९ मध्ये तो मोबदला तिप्पट करायचं ठरलं. धरणाचं कर्ज फिटलं २०२३ मध्ये, आणि आर्थिक अटींचं परिशिष्ट ५० वर्षांनी पुन्हा बघायचं असं मूळ करारातच होतं ते त्याच वर्षी टेबलावर आलं. पन्नास वर्षं! सही करणाऱ्यांची नातवंडं वाटाघाटीला बसली म्हण ना. कागदावर निम्मं-निम्मं असून भागत नाही, आपल्या निम्म्याचं आपण काय करायचं हे ठरवायचा हक्क पण लागतो. तुझ्या करारात फेरआढाव्याचं कलम दर तीन वर्षांनी घाल, आणि आढावा कोणीही एकाने मागितला तरी घ्यावाच लागेल असं लिही.

तंत्रज्ञान देणं म्हणजे नक्की काय, याला मला मेनआफ्रिव्हॅक या मेंदूज्वराच्या लसीचं काम फार मोलाचं वाटतं. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यातल्या देशांनी आधी किंमत सांगितली, डोसला अर्ध्या डॉलरच्या आत पाहिजे, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. मग पाथ ही आरोग्यावर काम करणारी संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या किमतीत बनवणारा शोधला, पुण्याची लस बनवणारी सीरम कंपनी तयार झाली, आणि लशीतले घटक एकमेकांना जोडायची किचकट पद्धत सीरमच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाच्या लॅबकडून शिकून घेतली. नुसती कागदपत्रं मेल करून हे होत नाही, हात बसावा लागतो. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोठी मोहीम सुरू झाली. तुमच्या प्रोजेक्टमध्येही ट्रेनिंग म्हणजे तीन दिवसांचं वर्कशॉप असं नको, तिथले दोन-तीन लोक उभारणीपासून शेवटपर्यंत टीममध्ये पगारावर असले पाहिजेत, आणि शेवटचं वर्ष त्यांनीच चालवावं, पाहुण्यांनी फक्त बाजूला बसावं.

तुला वाटेल एवढं मागितलं तर पार्टनर पळून जाईल. चांगला पार्टनर जात नाही गं, उलट त्याला कळतं की समोरचा माणूस दहा वर्षांचा विचार करतोय. आणि जो फक्त फोटो आणि रिपोर्टसाठी आलाय तो आताच गेला तर बरं.

पुढच्या कॉलच्या आधी एवढं कर. "सोपवण्यात येईल" ती ओळ काढून त्या जागी एक पूर्ण पान लिही, चौथ्या वर्षी कोण चालवणार, बॅटरी बदलायचे पैसे कुठल्या खात्यात साठणार, सुटे भाग कुठून येणार, पासवर्ड कोणाकडे, दर कोण ठरवणार. जिथे उत्तर नसेल तिथे जागा कोरी सोड आणि तसंच पार्टनरला पाठव. त्यांचं काय उत्तर येतं ते मला कळव, मग बजेटवर बोलू.