पचनाचा धडा पहिल्यांदा घेताना

मॅडम, सातवीला पचनसंस्था पहिल्यांदाच शिकवताय, तर फळ्यावर आकृती काढायची घाई करू नका. आधी प्रत्येकाला डब्यातला पोळीचा तुकडा चावायला लावा, पण गिळू देऊ नका. मिनिट-दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतंच, "बाई, गोड लागतंय!" लाळेतल्या अमायलेजने स्टार्चची साखर व्हायला लागलेली असते. (गूळपोळीचा डबा आधी बाजूला काढा, माझी एकदा फजिती झालीय.)

जठरात अन्न 2 ते 4 तास घुसळलं जातं, एवढं सांगून पुढे सरका. मग व्हरांड्यात जुनी सहावारी साडी पसरा. ती साधारण साडेपाच मीटर, लहान आतडं जवळपास 6, म्हणजे पदराच्याही पुढे जाणारं. एवढं पोटात मावतं कसं? साडी चुरगळून दप्तरात कोंबून दाखवा.

शी-शूवर वर्ग खिदळणार, खिदळू द्या. पण आतड्यातलंच पाणी लघवी होऊन बाहेर पडतं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. ते तिथल्या तिथे खोडा. न पचलेला चोथा रक्तात जातच नाही, तो मोठ्या आतड्यातून सरळ बाहेर. लघवी मात्र रक्तातून गाळलेली. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकतात, बाकी सगळं परत रक्तात.

"शी पिवळी-तपकिरीच का?" हे कुणीतरी विचारणारच. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरलेलं रंगद्रव्य पित्तातून आतड्यात येतं, त्याचा तो रंग. न लाजता सांगा.