पाळक महिन्यातून एकदा, उपासना दर रविवारी

या वेळी आलेली पत्रं बहुतेक खेड्यांतल्या दहा-वीस घरांच्या ख्रिस्ती मंडळ्यांची आहेत. शहरातल्या मोठ्या चर्चला दिलेली उत्तरं त्यांच्या कामी येत नाहीत, म्हणून हे सदर या खेपेला त्यांच्यासाठीच.

प्रश्न : आमची १४ घरांची मंडळी. पाळकसाहेबांकडे (धर्मगुरूंकडे) चार गावं, त्यामुळे ते महिन्याच्या दुसऱ्या रविवारीच येतात. बाकीच्या रविवारी पुढे उभं राहायला कुणी तयार होत नाही. दोन गीतं म्हणतो आणि घरी जातो. साध्या सभासदाला उपासना चालवता येते का? कुठवर? — एक सभासद, यवतमाळ जिल्हा

उत्तर : पाळकपदाची दीक्षा न झालेल्या माणसानं तीन गोष्टी करायच्या नाहीत. प्रभुभोजनाची (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घेतलेली) भाकर आणि प्याला पवित्र करायचा नाही, पापक्षमा जाहीर करायची नाही आणि आशीर्वाद द्यायचा नाही. उरलेली सगळी उपासना तुमच्याच हातची आहे. पाळकसाहेबांच्या संमतीनं दोन-तीन नावं पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) ठरवून घ्या आणि तीन महिन्यांच्या पाळ्या लिहून दारामागे लावा. म्हणजे रविवारी सकाळी 'तुम्ही करा, नाही तुम्हीच करा' असं होत नाही.

पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, सगळ्यांनी मिळून म्हणायचा. त्यानंतर पाळक 'देव तुमच्या पापांची क्षमा करो' म्हणतात. सभासद चालवत असेल तर त्यानं 'आमच्या पापांची' म्हणावं. शेवटीही तसंच. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं १३:१४ हे आशीर्वादाचं वचन म्हणताना 'तुम्हा सर्वांसह'च्या जागी 'आपणा सर्वांसह असो' म्हणा, आणि हात वर करू नका. फरक एका शब्दाचा आहे, पण पुढे उभा असलेला माणूस बाकावर बसलेल्यांपैकीच एक आहे हे त्या शब्दातून कळतं.

शास्त्रपाठ चार घ्या : जुना करार, स्तोत्र, नव्या करारातलं पत्र आणि शुभवर्तमान (येशूचं चरित्र). शुभवर्तमानाला सगळ्यांनी उभं राहायचं. कोणता पाठ कोण वाचणार याची चिठ्ठी बुधवारपर्यंत त्या घरी पोचली पाहिजे, आणि घरी दोनदा मोठ्यानं वाचून झालं पाहिजे. नबुखद्नेस्सरासारख्या नावापाशी वाचणारा अडखळतो, पोरं खुदखुदतात, आणि पुढच्या वेळी तो वाचायला येत नाही. संदेश, म्हणजे प्रवचन, आयत्या वेळी देऊ नका. पाळकांनी लिहून दिलेला किंवा त्यांनी तपासलेला मजकूर वाचा. हातानं लिहिलेली दोन फुलस्केप पानं सात-आठ मिनिटांत वाचून होतात. तेवढं पुष्कळ झालं.

खरी गडबड मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेत होते. तिथं मोकळं सोडलं की 'प्रभू, अमक्याचा नवरा पिऊन पडतो, त्याला सद्बुद्धी दे' असं सुरू होतं. ती प्रार्थना राहत नाही, चावडी होते. आजाऱ्यांची फक्त नावं घ्या, आजार सांगू नका. नावं चालवणाऱ्याकडे आधी दिलेली असावीत. जग, देश, गाव, पीकपाणी, आजारी आणि शोकाकुल, एवढ्या विषयांत प्रार्थना पाच मिनिटांत आटपते.

गाण्याचं एकच सांगतो. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीचा सूर लावतो. पेटीच्या काळी दोन पट्टीच्या वर गेलं की पुरुष अंतऱ्याला गप्प होतात, आणि मग 'आमच्या मंडळीत कुणी गातच नाही' अशी तक्रार येते. सूर उतरवून बघा.

वेळ ऋतूप्रमाणे बदला, पण दर आठवड्याला बदलू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर मिळते आणि सकाळचे तास कमाईचे असतात. त्या काळात रविवारी संध्याकाळी सातला उपासना ठेवली तर माणसं येतात. उन्हाळ्यात सकाळी सातला. किल्ली दोन घरी असू द्या. एकाच घरी असली आणि ते घर लग्नाला गेलं की सगळी मंडळी ओसरीवर.

प्रश्न : जिल्ह्यात दारूबंदी आहे. प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय घ्यावं? आणि करोनापासून बरेच जण एका प्याल्याला तोंड लावायला कचरतात. ४० जणांना पुरेल अशी व्यवस्था सांगा. — महिला मंडळ, वर्धा जिल्हा

उत्तर : आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सी.एन.आय.) वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्यामुळे काही मंडळ्या वाइन वापरतात, काही न आंबवलेला रस. तुमच्या बिशपांचा (पाळकांच्या वरच्या धर्माधिकाऱ्यांचा) नियम विचारून घ्या. रस चालत असेल तर मनुक्यांचा घरी करता येतो. २५० ग्रॅम काळे मनुके कोमट पाण्यात दोनदा धुवा, ७५० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यासकट मंद आचेवर २०-२५ मिनिटं उकळा, कुस्करा आणि धुतलेल्या मलमलीतून गाळा. साधारण अर्धा लिटर रस निघतो. साखर घालू नका, मनुक्यांची गोडी पुरते. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. बाहेर ठेवलेला मे महिन्यात दुपारपर्यंत फेसाळतो, म्हणजे आंबू लागतो. उन्हाळ्यात म्हणून रात्री भिजवून त्याच सकाळी करावा. भांडं स्टीलचं घ्या. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात किंवा प्याल्यात हा आंबट रस ठेवला तर धातू रसात उतरतो आणि हिरवट चव येते. जुना पितळी प्याला आठवण म्हणून जपायचा असेल तर आधी कल्हई करून घ्या.

एका माणसाला सात-साडेसात मिली धरा. ४० जणांना ३०० मिली लागतो. सगळा एकदम प्याल्यात ओतू नका, अर्धा सुरईत ठेवा. प्याला काठोकाठ भरला की म्हाताऱ्यांच्या हातात तो हिंदकळतो.

भाकर म्हणजे इथं बिनमिठाची, बिनतेलाची गव्हाची जाड पोळी. २० सेंटिमीटर व्यासाची एक ४० जणांना पुरून उरते. लाटताना जाडी तीन-चार मिलिमीटर ठेवा. पातळ केली तर नऊ वाजेपर्यंत तिचा पापड होतो, मोडताना कण उडतात आणि वेदीवरचं कापड झाडत बसावं लागतं. ओलसर पिळलेल्या फडक्यात गुंडाळून आणा. गहू न चालणारं कुणी असेल तर त्यांना फक्त प्याला द्या, आणि तो भाकर बुडवायला सुरुवात होण्याआधी द्या. एका रूपात घेतलेलं भोजनही पूर्णच असतं.

आता आरोग्याचं. भाकर प्याल्यात बुडवून घेणं जास्त स्वच्छ, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. प्रत्येकाची बोटं रसाला लागतात, आणि ओठांपेक्षा बोटं जास्त ठिकाणी फिरलेली असतात. बुडवायचंच असेल तर हात धुतलेल्या एकाच माणसानं बुडवून द्यावं. प्याल्याला तोंड लावायचं असेल तर प्रत्येकानंतर काठ आतून-बाहेरून सुती फडक्यानं पुसायचा आणि प्याला थोडा फिरवायचा. ४० जणांना अशी दोन फडकी लागतात. सर्दी-खोकला असेल त्यानं फक्त भाकर घ्यावी, आणि ते आधीच जाहीर करावं, म्हणजे कुणाला लाज वाटत नाही. छोट्या पेल्यांची पद्धतही आहे, पण ४० पेले उकळत्या पाण्यातून कोण काढणार हे आधी ठरवा.

तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या मुलखात एका मडक्यातलं पाणी माणसांनी माणसांना नाकारलं, तिथं एका प्याल्याचा अर्थ नुसता आरोग्याचा राहत नाही. प्याला नको म्हणणारे कोण आहेत आणि तो कुणाच्या हातात असला की नको म्हणतात, हे कमिटीनं डोळे उघडे ठेवून बघावं. खोकला प्याला धरणाऱ्याचं आडनाव बघून येत नसतो. प्याला धरण्याची पाळी घरोघर फिरवली, बायकांनाही दिली, की हे आपोआप उघडं पडतं आणि बहुतेक वेळा मोडतंही.

उरलेली भाकर आणि रस उपासनेनंतर तिथंच संपवा. प्याला धुतलेलं पहिलं पाणी मोरीत नको, आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी ओता.

प्रश्न : सूनबाईंचे आईवडील बौद्ध आहेत. ते आमच्यासोबत येतात, पण प्रभुभोजनाच्या वेळी अवघडून बसतात. त्यांना पुढे आणावं का? — एक आजी, अमरावती जिल्हा

उत्तर : प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, मग तो कोणत्याही चर्चमधला असो. पण पुढे येणं सगळ्यांसाठी खुलं ठेवता येतं. हात छातीवर फुलीसारखे धरून आलेल्या माणसाला पाळक आशीर्वाद देतात. हे एका वाक्यात आधी जाहीर करावं. वेदीपाशी कुणाला 'तुमचा बाप्तिस्मा झालाय का?' असं विचारू नये. ज्यांना बसूनच राहायचं असेल त्यांना बसू द्या, आणि नंतरच्या चहाला पहिला कप त्यांच्या हातात द्या. तुम्ही स्वतः गुडघे टेकू शकत नसाल तर थाळी आणि प्याला तुमच्या बाकापाशी आला पाहिजे. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. आणि कमिटीला सांगा : पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार पाच मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे उंचीच्या बारापट. त्याहून आखूड केला की खुर्ची मागे घसरते आणि तो उतार फक्त सायकली लावायला उरतो.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत 'एपिस्कोपल' चर्चमध्ये जातो. पाळक बाई आहेत, पण उपासना आपल्यासारखीच वाटते म्हणतो. हा कुठला पंथ? — एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : तुमच्याच घराण्यातला. एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच देखरेख करणारा. अमेरिकेतल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या परंपरेच्या चर्चचं ते नाव. त्यांचे पहिले बिशप सॅम्युअल सीबरी यांचा अभिषेक १७८४ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला झाला, आणि त्याच स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन पुढे चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) आलं. इथली अँग्लिकन मंडळी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात इतर पाच चर्चबरोबर एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. म्हणून मुलाला पापांगीकार, चार पाठ, मतांगीकार (विश्वासाची कबुली), शांतीचं अभिवादन हा क्रम ओळखीचा वाटला.

बायकांना दीक्षा द्यायला तिथं १९७६ मध्ये मान्यता मिळाली. सी.एन.आय.मध्येही बायका पाळक होतात, हे आपल्याच खेड्यांतल्या मंडळ्यांना सांगावं लागतं. एक फरक मोठा आहे : समलिंगी जोडप्यांचं लग्न तिथं २०१५ च्या निर्णयानंतर चर्चमध्ये लावता येतं, आपल्याकडे तो विधी नाही. पण विधी नाही म्हणून बाकावर जागा नाही, असा नियम कुठंच लिहिलेला नाही.

प्रश्न : हंगामाच्या सणाला (पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला) अर्पणातल्या वस्तूंच्या लिलावात दरवर्षी तीच दोन घरं बोली लावतात. मजूर घरं मागं बसून बघतात. शिवाय सण केव्हा धरावा यावरही वाद. — कमिटी सेक्रेटरी, वाशीम जिल्हा

उत्तर : नोव्हेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार धरा. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते. तुरीसाठी थांबलात तर मध्ये आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि नाताळ जातो आणि सण उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या) दारात येऊन पडतो.

लिलाव पूर्ण बंद करू नका, त्याची मजा असते. पण निम्म्या वस्तूंचाच करा. उरलेल्यांचे लहान वाटे घालून ठरलेल्या किमतीला, दहा-वीस रुपयांना ठेवा, म्हणजे प्रत्येक घर काहीतरी घेऊन जातं. ज्यांचं वावर नाही त्यांची अर्पणं वेदीपाशी त्याच रांगेत मांडा : चार अंडी, मूठभर तांदूळ, एक दिवसाच्या आवार-सफाईची चिठ्ठी. कुणी काय दिलं हे माइकवरून वाचू नका. पैसे दोघांनी मोजून, त्याच दिवशी दोघांच्या सहीनं वहीत चढवा, आणि उधारीची बोली घेऊ नका. ती वसूल होत नाही आणि माणूस चर्चला यायचा थांबतो.

कापूस मेणबत्त्यांपासून लांब, जमिनीवर मांडा. वेदीवर ठेवायचाच असेल तर त्या दिवशी मेणबत्त्या लावू नका. आणि आणलेला कापूस दवानं ओलसर असेल तर लगेच पोत्यात दाबून भरू नका, दोन दिवस उन्हात पसरा. नाहीतर तो आत तापून पिवळा पडतो आणि भाव उतरतो. त्याची रक्कम काटापट्टी (विक्रीच्या वजनाची पावती) हातात आल्यावरच वहीत घ्या.