व्यावसायिक टेनिसच्या पहिल्या वर्षी गुण कुठून मिळवायचे, आणि रॅकेटचं गटिंग (तारा) कधी कापायचं

आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) आयपिन, म्हणजे खेळाडू-क्रमांकाची, नोंदणी झाली की लगेच परदेशाचं तिकीट काढू नकोस. डब्ल्यू15 (महिलांची सगळ्यात खालच्या पातळीची व्यावसायिक स्पर्धा) जिंकलीस तरी 15 गुणच मिळतात आणि 52 आठवड्यांनी तेही गळतात. एकेरीच्या रँकिंगमध्ये नाव यायला तीन स्पर्धांत गुण हवेत, नाहीतर एकूण किमान 10. पुण्यात किंवा सोलापुरात स्पर्धा असेल तर आधी तिथे नाव दे. प्रवासखर्च वाचेल तो फिजिओवर घाल. 18 वर्षांखालच्या मुलींना वर्षातल्या स्पर्धांची मर्यादा असते, तेव्हा दुखऱ्या पायाने एकही वाया घालवू नकोस.

पात्रता फेरीला तर अजिबात कमी लेखू नकोस. 2025च्या मुंबई ओपनमध्ये 15 वर्षांची माया राजेश्वरन रेवती तिथूनच उपांत्य फेरीत पोचली.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गटिंगकडे. पॉलिएस्टरची तार सहजी तुटत नाही, पण दहा-बारा तासांच्या खेळात तिच्यातला जीव जातो. चेंडू बाहेर जायला लागतो, मग मुली मनगट आवळून मारतात आणि कोपर धरतं. म्हणून न तुटताही कापून टाक. तीन रॅकेट एकाच ताणाच्या ठेव. भर उन्हात चेंडू जास्त उडतो, तेव्हा ताण अर्धा-एक किलो वाढवून घे.